यशवंतरावांचा हाराचा फोटो

यशवंतरावांच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नव्हती. ती बदलून घ्यायला त्यांची ना नव्हती. फक्त त्याआधी त्यांना एक फोटो काढून हवा होता, आणि तो साधासुधा नव्हे, हार घालायचा.

"टेबलावर काही कमीजास्त झालं तं?" ते सुनेला, क्षमाला, म्हणाले. "मग तुम्ही लोकं घाईघाईत भिंतीवर काय लावता, ते मले माहीत आहे."

त्याचा पुरावा समोर भिंतीवरच होता.

तिच्या सासूबाई, इंदूबाई, गेल्या वर्षी अचानक गेल्या. दहाव्याच्या आत फोटो हवा होता. घरात फोटो पुष्कळ होते, पण इंदूबाईंचा एकटीचा एकही नव्हता. शेवटी क्षमाच्या नवऱ्यानं, अभिनवनं, मोबाइलमधून भाचीच्या लग्नातला एक शोधून काढला, आजूबाजूची माणसं कापली आणि घराजवळच्या एका स्टुडिओत पाठवून दिला. रडारडीत कोणाच्या लक्षात आलं नाही की त्या क्षणी इंदूबाईंच्या तोंडात गुलाबजाम होता. अख्खा. डावा गाल फुगलेला, भुवया वर चढलेल्या, आणि खालच्या कोपऱ्यात कोणाची तरी कागदी प्लेट, जी कापूनही थोडी उरली होती. मोठा होऊन, चौकटीत बसून, हारासकट फोटो घरी आला तेव्हा पाहुणे येऊन बसले होते. त्यांनी नमस्कार करायला सुरुवात केली. मग काय करणार?

"तुझी सासू वर्ष झालं तो गुलाबजाम गिळून नाही राहिली," यशवंतराव म्हणत. "मी समोर जेवाले बसतो, ती माझ्याकडं तोंड भरून पाहते. मले घास उतरत नाही."

फोटो बदलून टाकू, असं अभिनव दोनचारदा म्हणाला होता. त्यालाही यशवंतरावांचा विरोध होता. सगळं गाव ज्याच्या पाया पडलं तो फोटो आता उतरवला, तर इतके दिवस भिंतीवर होती ती बाई कोण, असा त्यांचा प्रश्न होता.

अभिनव रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात इंजिनिअर होता. घरी यायचा तो काळ्या धुळीसकट आणि थकलेला. मराठी त्याला सगळी कळायची, उत्तर मात्र हिंदीतून यायचं. "पापा, पहले ऑपरेशन करा लीजिए. फोटो तो बाद में भी खिंच जाएगी."

"बाद में कोणाची खिंचून राहिला बे तू?" यशवंतराव म्हणाले.

क्षमानं वाद घातला नाही. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची आणि सासऱ्यांचे रिपोर्ट घरात तिला एकटीला पूर्ण कळले होते. डॉक्टरांनी महिन्याभरात उरकून घ्या म्हटलं होतं. त्यांच्या आवाजावरून तिला वाटलं की महिनासुद्धा त्यांनी उदारपणे दिला आहे. तिनं सासऱ्यांकडून फक्त एवढं कबूल करून घेतलं की फोटो पास झाला की दुसऱ्या दिवशी भरती व्हायचं. त्यांनी कबूल केलं. तिनं ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

शेखरचा स्टुडिओ गोलबाजाराच्या मागं होता. पूर्वी तो लग्नाची कामं घ्यायचा. आता फक्त हाराच्या फोटोंचं काम करायचा. लग्नवाले फोटो पाहून भांडतात, इथलं गिऱ्हाईक कधी भांडायला येत नाही, असं तो म्हणायचा. त्याच्याकडं जुन्या कामापासूनचे तीन पडदे होते: ढग, हिमालय आणि पुस्तकांचं कपाट. पाठ नसलेले कोटही होते, मागून नाडीनं बांधायचे. मात्र ज्याचा फोटो आहे तोच माणूस स्वतः चालत येऊन बसायची त्याच्याकडं ही पहिलीच वेळ होती, त्यामुळं तो जरा गांगरला.

"अंकल, रिलॅक्स," तो म्हणाला, आणि फोटो काढला. मग संगणकावर त्या फोटोला हार घालून पाहिला. मान हलवली. हार काढला. पुन्हा घातला.

"नहीं जम रहा."

"काहून नाही जमून राहिलं?"

"आप कुछ बोलने वाले लग रहे हैं. इस फोटो में आदमी बोल चुका होता है."

क्षमानं वाकून पाहिलं. शेखरचं खरं होतं. हाराच्या मागं यशवंतराव असे दिसत होते जणू खिडकीतून डोकावून दूधवाल्याला हाक मारणार आहेत.

पुढच्या खेपेला ते जेवण न करता गेले. तरी जमलं नाही. "अब तो आप भूखे लग रहे हैं," शेखर म्हणाला. मग त्यांनी घरी सराव सुरू केला. सकाळी आरशासमोर खुर्ची ठेवायची आणि काही बोलायचं नाही असा चेहरा करायचा. कांताबाई झाडू घेऊन आली आणि दारातच थांबली. ती पलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहायची, इंदूबाईंच्या वेळेपासून कामाला होती.

"का होगे बाबूजी?"

"काही नाही. सराव करून राहिलो."

"हव," ती म्हणाली आणि त्यांचे पाय उचलायला सांगून खालून झाडून घेतलं.

तिसऱ्या खेपेला स्टुडिओत वीज गेली. कूलर बंद पडला. यशवंतराव घामानं थबथबले, दमले आणि वीज येईपर्यंत समोरच्या भिंतीकडं पाहत बसले. त्या भिंतीवर शेखरनं नमुन्याच्या चौकटी टांगल्या होत्या. ओळीनं लावलेले अनोळखी लोक, कोणी टोपीतले, कोणी नथ घातलेले, सगळे आपल्यापुरते आटोपलेले. यशवंतराव एकेकाकडं पाहत गेले. मग पाहणंही थांबलं, डोळे नुसते उघडे राहिले. दिवे आले आणि शेखरनं बटण दाबलं.

"ये हुआ," तो हळूच म्हणाला.

फोटो फार चांगला आला होता. कपाळावरची प्रत्येक सुरकुती, मिशीतला एकेक केस. यशवंतराव स्वतः बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिले आणि म्हणाले, "हा माणूस भला दिसतो."

क्षमाला मात्र तो पाहून लॅब आठवली. शरीरातून काढलेला तुकडा तिच्याकडं येतो तेव्हा तो आधी फॉर्मॅलिनमध्ये घातलेला असतो, म्हणजे आत चाललेलं सगळं थांबलेलं असतं. मग तो मेणात बसवायचा, पातळ काप काढायचा, रंग द्यायचा. त्यानंतर भिंगाखाली पेशींच्या कडा अशा स्वच्छ दिसतात की पेन्सिलीनं गिरवाव्यात. जिवंत पेशी कधी इतकी स्वच्छ दिसत नाही. ती सरकत असते, बिनरंगाची असते, नजर ठरू देत नाही. हा फोटो तिला रंग दिलेल्या कापासारखा वाटला. त्यात न दिसणारं काही उरलंच नव्हतं.

"पास?" तिनं विचारलं.

पण शेखर मधे पडला. "ऐसे फाइनल मत कीजिए, दीदी. दीवार पर जाके फोटो बदल जाती है. कुछ दिन टाँग के देखिए."

आणि यशवंतरावांना ते पटलं. घराला रंग देतानासुद्धा आधी भिंतीवर एक पट्टा मारून पाहतातच की.

फोटो इंदूबाईंच्या शेजारी लागला. हाराशिवाय अंदाज येणार नाही म्हणून हारही घातला. कांताबाई रोज सकाळी दोन्ही काचांवरची काळी धूळ पुसायची, दोघांना ताजं फूल वाहायची आणि मग समोर खुर्चीत बसलेल्या यशवंतरावांना चहा द्यायची. या तिन्ही कामांत तिला काही विसंगती वाटत नसावी.

चौबे कॉलनीतली त्यांची गल्ली अरुंद होती आणि दिवाणखान्याची खिडकी रस्त्यावर. पहिल्या दिवशी गॅसवाल्यानं सिलिंडर आत आणताना चप्पल बाहेर काढली. यशवंतरावांनी स्वतः सही केली तेव्हा तो त्यांच्याकडं न पाहता म्हणाला, "भगवान आपके भाई की आत्मा को शांति दे." दुपारी समोरच्या मायाताई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या. घरात गेलेलं माणूस असलं की चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनीच पाहायचं असतं. दार यशवंतरावांनी उघडलं. मायाताईंनी एकदा डब्याकडं पाहिलं.

"आता केलंच आहे तं घ्या," त्या म्हणाल्या.

"घेतो न," यशवंतराव म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आणखी दोन डबे आले. पथ्याचं जेवण बाजूला सारून यशवंतरावांनी तिन्ही चाखले आणि स्वतःच्या सुतकाचा निकाल दिला: मायाताईंच्या पिठल्यात लसूण बरोबर, मागच्या गल्लीतल्यांनी मिठात हात आखडता घेतला, एवढ्या वर्षांच्या ओळखीत हे शोभत नाही.

चारुदत्त आले ते तिसऱ्या दिवशी सकाळी.

ते मागच्याच गल्लीत राहायचे. दोघांनी मिळून छोट्या लाईनवर आयुष्य काढलं होतं. रायपूरहून धमतरीला जायची ती अरुंद रुळांची गाडी होती, यशवंतराव तिचे गार्ड आणि चारुदत्त अभनपूर स्टेशनात बुकिंग क्लार्क. पुढं यशवंतरावांच्या निरोपसमारंभात चारुदत्तांनी भाषणात एक जुना प्रसंग सांगितला. अभनपूरच्या पुढं रुळावर म्हैस बसली होती आणि गाडी वेळेवर थांबली. ती थांबवली कोणी, यावर दोघांचा त्या समारंभातच वाद झाला. गार्डचा ब्रेक लावून आपण थांबवली असं यशवंतराव म्हणत. आपण बायकोसाठी घेतलेली नवी लाल साडी हलवत धावलो म्हणून ड्रायव्हरला दिसलं असं चारुदत्त म्हणत. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद होतं. इंदूबाई गेल्या तेव्हा चारुदत्त आले होते, खांदा दिला होता, आणि एक शब्द न बोलता परत गेले होते.

दार उघडंच होतं. पांढरा सदरा घातलेले चारुदत्त शेवंतीचा हार घेऊन मान खाली घालून आत आले. थेट फोटोपर्यंत गेले, हार घातला, हात जोडले, डोळे पुसले आणि वळले. खुर्चीत यशवंतराव पोहे खात बसले होते.

दोघं एकमेकांकडं पाहत राहिले. काही विचारायची सोय नव्हती, कारण बोलणं बंद होतं.

"काका, बसा ना," क्षमा घाईनं म्हणाली. "बाबा बरे आहेत. हा फोटो नुसता पाहायला लावलाय."

"दिसून राहिलं मले." चारुदत्तांनी घसा खाकरला. "तुझ्या सासऱ्याशी मी बोलत नाही, तुले ठाऊक आहे. पण ह्याच्याशी," त्यांनी भिंतीकडं बोट केलं, "माझं काही भांडण नाही. आता आलोच आहे तं दोन शब्द बोलून जातो."

त्यांनी वेताचा मोढा ओढला, यशवंतरावांकडं पाठ केली आणि फोटोसमोर बसले.

"यशवंता, चांगला दिसून राहिला बे."

मागून यशवंतराव म्हणाले, "क्षमा, त्याले विचार, चहात साखर चालते का अजून."

"काका, साखर?"

"अर्धा चमचा," चारुदत्तांनी फोटोला सांगितलं. "डॉक्टरनं बंद केली, पण अर्धा घेतो मी. तुले काय सांगायचं, तू तं सगळं सोडून बसला."

मग ते रोज येऊ लागले. फोटोला गुडघ्यांचं सांगत, पुण्याच्या मुलाचं सांगत, म्हणजे शिशिरचं, जो फोन करतो आणि फोनवर दुसरंच काही टाईप करत असतो. छोटी लाईन उखडली तेव्हा आपण तेलीबांध्याच्या स्टेशनापर्यंत पायी जाऊन पाहून आलो, हेही त्यांनी फोटोलाच सांगितलं. "तुले सांगाव वाटलं होतं. पण तेव्हा तू होता न, म्हणून सांगता नाही आलं."

स्वयंपाकघरात कणीक मळताना क्षमानं हे वाक्य ऐकलं आणि तिचा हात थांबला.

यशवंतराव पाठीमागं डोळे मिटून, पोटावर हात ठेवून ऐकत. चेहरा असा तृप्त, की कोणी त्यांच्यासाठी कीर्तन लावलं आहे. आणि इथंच सगळं बिघडलं. फोटो पास झाला, असं त्यांनी जाहीर केलं. भरती व्हायला मात्र साफ नकार दिला.

"पापा, आपने प्रॉमिस किया था," अभिनव म्हणाला.

"केलं होतं. पण आता काय राहिलं सांग. फोटो झाला. लोकं येऊन गेले. चारू येऊन बसतो, रडतोबी कधीकधी. माणसाले मेल्यावर जे पाहिजे ते सगळं मिळून राहिलं. आता छाती फाडून नवीन झडप कोणासाठी लावायची? माझी गाडी यार्डात लागली, बाप्पा."

"पण बाबा, तुम्ही जिवंत आहात," क्षमा म्हणाली.

"ते आहे," यशवंतरावांनी मान्य केलं, एखादी किरकोळ अडचण मान्य करावी तसं.

त्यांचे पाय आता संध्याकाळी सुजत. बाथरूमपर्यंत जाऊन आले की ते दाराची चौकट धरून उभे राहत, आणि क्षमा पाठमोरी राहून मनातल्या मनात त्यांचे श्वास मोजत असे. बसल्यावर त्यांचा चेहरा तिला दिवसेंदिवस भिंतीवरच्या चेहऱ्यासारखा दिसू लागला. शेखरला ज्यासाठी तीन खेपा घालाव्या लागल्या, ते आता त्यांना आपसूक जमत होतं.

बदल तिला दिसला तो एका सकाळी. चारुदत्त फोटोला पेन्शनीबद्दल काहीतरी सांगत होते आणि बोलता बोलता म्हणाले, "ते म्हशीच्या वेळचं तुले आठवते न." मागं कपबशी किणकिणली. क्षमानं वळून पाहिलं. यशवंतरावांचे डोळे उघडे होते आणि उजवा पाय हलत होता. चारुदत्तांनी विषय बदलला. पाय थांबला.

त्या दुपारी ती मागच्या गल्लीत गेली. चारुदत्तांच्या पत्नी चित्राकाकू अंगणात वाळवण राखत बसल्या होत्या. काका आत पेपर वाचत होते.

"काका, उद्या म्हशीची गोष्ट सांगा."

"कोणाले?"

"फोटोला. पूर्ण सांगा."

चारुदत्तांनी चष्मा काढला. "बाई, त्याच्यावरूनच तं भांडण झालं."

"म्हणूनच. तुम्हाला जशी आठवते तशी सांगा."

"मले खरीच आठवते," चारुदत्त म्हणाले.

"मग खरी सांगा. काही सोडू नका."

बाहेर पडताना चित्राकाकू हळूच म्हणाल्या, "ती साडी लाल नव्हती वो. जांभळी होती. पण माझं कोण ऐकते."

दुसऱ्या दिवशी चारुदत्त बसले, चहा प्यायले, आणि फोटोला म्हणाले, "यशवंता, त्या दिवशी काय झालं ते आज तुले सांगून टाकतो. तू मागच्या डब्यात होता, तुले काय दिसणार."

खुर्ची करकरली.

"अभनपूर सुटलं. मी फलाटावर उभा. पाहतो तं पुढं रुळावर दोन म्हशी."

"एक," यशवंतराव म्हणाले. "क्षमा, त्याले सांग, एकच होती."

क्षमा दारात उभी होती. इतके दिवस दोघांमधले निरोप तिनंच इकडून तिकडं नेले होते, साखरेचे, पंख्याचे, खिडकीचे. या वेळी ती हलली नाही.

"सांग न त्याले."

"बाबा, काका फोटोशी बोलतायत," ती म्हणाली. "फोटोतले तुम्ही काही म्हणाला नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना मान्य असणार."

यशवंतरावांनी भिंतीकडं पाहिलं. भिंतीवरचे यशवंतराव शांतपणे, स्वच्छपणे, दोन म्हशी मान्य करत होते.

चारुदत्तांना आता रंग चढला होता. आजवर हा प्रसंग त्यांना कधी कोणी मधे न अडवता सांगायला मिळाला नव्हता. "दोन म्हशी, अन् एक पारडू. मी हातातली साडी सोडवली अन् धावलो. ड्रायव्हर शिट्टी मारून राहिला, म्हशी उठत नाहीत. मागं पाहतो तं गार्डाच्या डब्यात हिरवी झेंडी तशीच लटकलेली. तू झोपला होता, यशवंता. मी कोणाले सांगितलं नाही. आज तुले सांगतो, तुले राग येणार नाही."

फोटोला खरंच राग आला नाही. त्याचे डोळे चारुदत्तांवर होते, ओठ मिटलेले, आणि त्या चेहऱ्यावरचा समजूतदारपणा इतका पूर्ण होता की त्यात पारडूही सहज मावत होतं.

"हा खोटं बोलून राहिला," यशवंतराव सुनेला म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "अन् हा भिंतीवरचा ऐकून राहिला. मी गेल्यावर हा असंच सांगत फिरन. मंडळात सांगन, पोरांले सांगन. गार्ड झोपला होता म्हणन."



यशवंतराव उठले. खुर्चीचा हात धरून, श्वास घेत, दोन पावलं पुढं आले आणि मोढ्यावर बसलेल्या माणसाच्या समोर उभे राहिले, फोटो आणि त्याच्या मधे.

"चारू," ते म्हणाले. "एकच म्हैस होती. पारडू नव्हतं. अन् मी जागा होतो बे."

कांताबाईचा झाडू थांबला.

चारुदत्तांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "दोन होत्या."

"एक."

"तू म्हणून राहिला तोवर एक. तू नसला की दोनच. कोण अडवणार मले?" त्यांनी यशवंतरावांच्या बगलेतून फोटोकडं पाहिलं. "हा?"

यशवंतरावांनीही मागं वळून पाहिलं. इतके दिवस ते चारुदत्तांच्या मागं, डोळे मिटून बसत होते. इतक्या जवळून, चारुदत्तांच्या जागेवरून, त्यांनी भिंतीवरचा फोटो बहुधा पहिल्यांदाच पाहिला. कितीतरी वेळ पाहत राहिले. धाप लागली होती, म्हणून मोढ्याच्या कडेवर चारुदत्तांशेजारी टेकले. चारुदत्तांनी सरकून जागा केली.

"हा काहीच कामाचा नाही," यशवंतराव शेवटी म्हणाले. "क्षमा, त्या डॉक्टरले फोन लाव. विचार, उद्या होते का."

उद्या झालं नाही, पण त्याच आठवड्यात ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी फोटो खाली उतरला. चारुदत्तांनी तो मागितला, माझ्या घरी ठेवतो म्हणाले.

"काहून? म्हणजे घरी बसून त्याले थापा मारशील," यशवंतराव म्हणाले, आणि फोटो कपाटामागं, तोंड भिंतीकडं करून ठेवून दिला. हार कांताबाईनं तुळशीत टाकला.

भिंतीवर आता एकट्या इंदूबाई उरल्या. बॅग भरून झाल्यावर क्षमा सहज त्यांच्यासमोर उभी राहिली. फुगलेला गाल, वर गेलेल्या भुवया, ती उरलेली प्लेट. वर्षभर या फोटोची तिला लाज वाटत आली होती. आता तिला दिसलं की तोंडात घास आहे आणि डोळे कोणाकडं तरी वळलेले आहेत. घास गिळून होताच ह्या बाई काहीतरी बोलणार आहेत. काय, ते कळायला मार्ग नव्हता. कोणाला, तेही कापलं गेलं होतं. पण बोलणार होत्या हे नक्की. शेखरनं हा फोटो पाहताक्षणी परत केला असता.

"हिचाबी बदलून टाकायचा का?" मागून यशवंतरावांनी विचारलं.

"राहू द्या, बाबा."

"हौ. राहू दे," ते म्हणाले. "परत आल्यावर पाहू." आणि हे वाक्य बोलून ते स्वतःच जरा थबकले.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि दुपार उलटून गेल्यावर संपलं. अभिनव कॉरिडॉरमध्ये फेऱ्या घालत होता. चारुदत्त बाकावर बसून, जवळ बसेल त्या प्रत्येक अनोळखी माणसाला छोट्या लाईनची माहिती देत होते. क्षमाला आतल्या गोष्टी कळत असल्यामुळं ती सगळ्यात घाबरलेली होती आणि सगळ्यात कमी हलत होती. डॉक्टरांनी बाहेर येऊन झडप बसली, रात्र नीट जायला हवी, एवढं सांगितलं. रात्र गेली.

सकाळी एकेकाला आत सोडत होते. अभिनव भेटून आला, त्याचे डोळे लाल होते. मग क्षमा गेली, आणि तिच्यामागून, मी सख्खा भाऊ आहे असं दारावरच्या नर्सला सांगून, चारुदत्तही आत शिरले.

यशवंतरावांच्या तोंडात अजून नळी होती. हातांना सुया, छातीवर पट्ट्या, चेहरा पिवळट. डोळे उघडे होते, पण ते कुठंच पाहत नव्हते. क्षमाला तो चेहरा ओळखीचा वाटला, फोटोतलाच. तिनं हाक मारली. डोळे हलले नाहीत.

चारुदत्त खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेले. त्यांनी दांडी धरली, वाकले, आणि म्हणाले, "यशवंता. दोन होत्या."

काही झालं नाही.

"अन् पारडू."

पडद्यावरचा आकडा वर सरकू लागला. यशवंतरावांचे डोळे हळूहळू फिरले आणि चारुदत्तांवर येऊन थांबले. मग चादरीवरचा उजवा हात, सुईसकट, थोडा वर आला. परत पडला. पुन्हा वर आला, आणि त्यातलं एकच बोट बाकीच्यांपासून सुटं झालं.

नर्स धावत आली. "इनको क्या चाहिए? पानी अभी नहीं मिलेगा, अंकल. एक घंटा बोल रहे हैं क्या?"

"नहीं," क्षमा म्हणाली. तिला हसू येत होतं आणि ते थांबत नव्हतं. "कुछ नहीं चाहिए."

"पेशंट को बुलवाइए मत. पल्स देखिए कहाँ गया. चलिए, दोनों बाहर."

चारुदत्त दारापर्यंत उलटे चालत गेले, त्या बोटावर नजर ठेवून. बाहेर येऊन त्यांनी डोळे पुसले, सदऱ्याची बाही सारखी केली आणि दारावरच्या नर्सला विचारलं, "संध्याकाळी आत किती वाजता सोडता?"